बातमी खरी असूनही मत कसं फिरतं?

सेलूच्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या घरी दोन पेपर येतात. वडील एक वाचतात, मी दुसरा. घटना एकच, तपशीलही जवळपास सारखे, पण वाचून झालं की आमचं दोघांचं वाजतं. खोटं म्हणावं असं बातमीत काही सापडत नाही. मग मत फिरतं कसं? भाषेतून फिरवतात असं म्हणतात, ते नेमकं कुठे? आणि शेवटी कोणता पेपर लावावा?"

सर, तुम्ही खोट्या बातमीबद्दल विचारलेलं नाही, हे बरं झालं. खोटी बातमी उशिरा का होईना, पकडली जाते. कुणी जुना फोटो शोधून काढतो, कुणी फोन करून खात्री करतो, दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा येतो. तुमचा प्रश्न त्याहून अवघड आहे. बातमीतलं प्रत्येक वाक्य खरं, उद्या कुणी कोर्टात खेचलं तरी टिकेल असं, आणि तरीही वाचून उठणाऱ्याचं मत एका बाजूला झुकलेलं.

मी मराठवाड्यात आधी तालुक्याचा वार्ताहर आणि नंतर बरीच वर्षं जिल्हा आवृत्त्यांच्या डेस्कवर उपसंपादक होतो. आलेली कॉपी कापायची, प्रेसनोटची बातमी करायची, मथळा द्यायचा आणि पान वेळेत सोडायचं, हे माझं काम. तेव्हा उत्तरही टेबलावरून दिसतं तसंच देतो. टीव्हीवरच्या चर्चांबद्दल फार बोलणार नाही. तिथे भाषेपेक्षा आवाज, चेहरे आणि पडद्याखालची पट्टी जास्त काम करते, आणि त्या कामाचा मला अनुभव नाही.

बहुतेक वाचक पक्षपात विशेषणांत शोधतात. 'संतापजनक', 'ऐतिहासिक', 'धडाकेबाज' असे शब्द दिसले की पेपर विकला गेलाय असं म्हणून मोकळे होतात. माझा अनुभव वेगळा आहे. विशेषण ठळक दिसतं, म्हणूनच ते फारसं फसवत नाही. 'धडाकेबाज आमदार' वाचून कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. लोक हसतात आणि पान उलटतात. मत फिरतं ते जिथे नजर जात नाही अशा ठिकाणी: वाक्यात कर्ता कोणाला केलं, क्रियापद कोणतं घेतलं, आणि बातमीत कोणाला बोलू दिलं.

एक प्रसंग घेऊ, कल्पितच. वसमतला पीकविम्याच्या पैशांसाठी शेतकरी तहसीलसमोर बसले. दुपारी रस्त्यावर आले, वाहतूक थांबली, पोलिसांनी उठवायला सुरुवात केली, रेटारेटी झाली, काठ्या चालल्या. संध्याकाळी डेस्कवर याचे तीन मथळे होऊ शकतात. 'पीकविम्यासाठी शेतकऱ्यांचा एल्गार, प्रशासनाची भंबेरी'. 'आंदोलनामुळे महामार्ग ठप्प, प्रवाशांचे हाल'. 'तहसीलसमोर तणाव, पोलिसांकडून सौम्य लाठीमार'. तिन्ही खरे. पहिल्यात शेतकरी काहीतरी करतोय. दुसऱ्यात 'आंदोलन' करतंय आणि प्रवासी सोसतायत. शेतकरी मथळ्यातून निघून गेलाय. तिसऱ्यात तणाव आभाळ भरून यावं तसा आपोआप आलाय. (हे 'सौम्य लाठीमार' पोलिसांच्या बोलीतून आमच्याकडे आलं आणि आम्ही ते इतकं छापलं की आता कुणाला खटकतही नाही. सौम्य लाठी खाल्लेला माणूस मला अजून भेटायचाय.)

आता बघा, ज्याच्याकडे पैसे अडकलेत तो या तिन्ही मथळ्यांत नाही. आत बातमीत काय असतं? 'तालुक्यातील शेतकऱ्यांचा पीकविमा गेल्या वर्षापासून रखडला आहे.' विमा काही स्वतःहून रखडत नसतो. पीककापणी प्रयोगाच्या आकड्यांवर कंपनीने हरकत घेतलेली असते, किंवा सरकारने हप्त्यातला आपला हिस्सा कंपनीला दिलेला नसतो, किंवा अर्ज भरतानाच बँकेत नाहीतर सेवा केंद्रावर घोळ झालेला असतो. यातलं प्रत्येक कारण वेगळ्या दारात जाऊन पोचतं. 'रखडला' म्हटलं की सगळी दारं बंद. उरतात दोघे, चिडलेला शेतकरी आणि अडकलेला प्रवासी. मग घरात वाजणार तेही या दोघांवरूनच. वडील एकाची बाजू घेणार, तुम्ही दुसऱ्याची, आणि ज्याने पैसे द्यायचे होते त्याचं नावही निघणार नाही.

अशा क्रियापदांची मराठी पत्रकारितेत रेलचेल आहे. निधी थकतो, काम रेंगाळतं, रस्ता खचतो, पूल वाहून जातो, प्रस्ताव धूळ खातो, योजना बारगळते. गावात लोक म्हणतात "डीपी जळाला, लाइनमनला आठ दिवसांपासून सांगतोय". पेपरात येतं 'रोहित्र जळाल्याने गाव अंधारात'. गावकऱ्याच्या वाक्यात लाइनमन होता, पेपरच्या वाक्यातून तो उतरला.

इथे एक कबूल केलं पाहिजे. कर्ता नाही म्हणजे दर वेळी तो लपवलाच, असं नसतं. तालुका आवृत्तीचं पान रात्री ठरावीक वेळेला सुटतं. अपघात नऊ वाजता झाला, वार्ताहर रस्त्यात, ठाण्यात फोन उचलत नाहीत, अशा वेळी 'पूल कोसळला' एवढंच खात्रीने लिहिता येतं. ठेकेदाराचं नाव खात्री नसताना छापणं हा उलट गुन्हाच. म्हणून मी पहिल्या दिवशीच्या बातमीला फार धारेवर धरत नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही 'कोसळला'च चालू असेल, ठेकेदार कोण, काम कुणी तपासलं, बिल कुणी काढलं याचा पत्ता नसेल, तर ती निवड समजायची.

कधी कर्ता देतात, पण ज्याला जाब विचारता येत नाही असा देतात. दुष्काळी वर्षांतले आमचे पेपर काढून बघा: 'वरुणराजाने पाठ फिरवली', 'निसर्ग कोपला'. पाऊस कमी होतो हे खरंच. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते एकट्या वरुणराजामुळे नव्हे. धनेगावचं मांजरा धरण आटलं त्यात पावसाचा वाटा होता, खोऱ्यातल्या उसाचा होता, पाण्याच्या नियोजनाचाही होता. त्या दिवसांत या पाण्याच्या गाडीचं 'जलदूत' हे नाव मथळ्यांत गाजलं. किती वाघिणी, किती लाख लिटर, मिरजेहून कधी निघाली, लातूरला कधी पोचली. उसाची बातमी असलीच तर आतल्या पानावर, कारखान्यांच्या गाळपाच्या आकड्यांत, पाण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी. ऊस लावणाऱ्यालाच दोषी धरा असं मी म्हणत नाही. हमखास पैसा देणारं दुसरं पीक त्याच्याकडे नाही, हाही त्याच गोष्टीचा भाग. पण वरुणराजा एकदा कर्ता झाला की ही सगळी चर्चाच खुंटते.

दुसरी जागा आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की दिसतच नाही. जिल्हाधिकारी म्हणाले, आमदार म्हणाले, कारखान्याचे अध्यक्ष म्हणाले. आणि त्याच बातमीच्या तळाशी, 'एक शेतकरी म्हणाला'. साठीचा माणूस, नाव नाही, गाव नाही, एकेरी. पस्तिशीतल्या अधिकाऱ्याला नाव, पद आणि आदरार्थी बहुवचन. ऊसतोड मजुरांच्या बातमीत मुकादम नावानिशी असतो, मजूर नुसतेच 'मजूर'. वाचणाऱ्याला कुणी सांगत नाही की कोणाचं बोलणं वजनदार धरायचं. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरातून ते कळतं. गुन्ह्यांच्या बातम्यांत तर हे फारच उघड आहे. साधा माणूस असेल तर गुन्हा दाखल झाल्या दिवशीच 'मुसक्या आवळल्या', 'बेड्या ठोकल्या', काही वेळा थेट 'नराधम'. मोठ्या घरचा असेल तर 'त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला असून त्यांची चौकशी सुरू आहे'. खटला उभा राहायच्या आतच एकाचा निकाल लागलेला असतो आणि दुसऱ्याला संशयाचा फायदा मिळालेला असतो.

बोलणं कोणत्या क्रियापदाने आणलं, तेही तपासा. 'टाकीचं काम पूर्ण झालं' हे सरपंचांचं एकच वाक्य. 'सरपंचांनी सांगितले' लिहिलं तर साधी माहिती. 'स्पष्ट केले' म्हटलं तर खरं वाटतं, 'दावा केला' म्हटलं तर शंका येते, 'सारवासारव केली' म्हटलं की सरपंच खोटारडे ठरले. वार्ताहराने टाकी बघितलीय का, यावर खरं म्हणजे क्रियापद ठरायला हवं. बहुतेक वेळा ते सरपंच कोणत्या गटाचे यावर ठरतं.

आता आकडे. लोक आकड्यांना भाषा मानत नाहीत, म्हणून तिथे सगळ्यात सहज काम होतं. आपल्या जायकवाडीचंच घ्या. नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यात ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं साधारण २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. उरलेला २,१७१ दलघमी हा उपयुक्त साठा, साधारण साडेशहात्तर टीएमसी. पेपरात रोज येते ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची. म्हणजे जायकवाडी शून्य टक्क्यांवर येतं त्या दिवशीही धरणात सव्वीस टीएमसीच्या आसपास पाणी असतं, आणि पिण्यासाठी त्यातून उपसा करता येतो. टंचाईच्या वर्षांत केलाही गेलाय. शून्याचा खरा अर्थ असा, की आता कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीचं पाळीचं पाणी, मिळणार नाही.

मथळा काय येतो? 'जायकवाडी कोरडेठाक'. संभाजीनगरचा माणूस घाबरून नळाकडे बघायला लागतो. ज्याचं पाणी खरोखर गेलं तो डाव्या कालव्यावरचा, पाथरी-मानवतकडचा शेतकरी. तो मथळ्यात नाही आणि पुष्कळदा बातमीतही नाही. टंचाई दाखवायची तर टक्केवारी वापरतात, मुबलकता दाखवायची तर टीएमसी. 'अवघा चार टक्के साठा' आणि 'धरणात अजून २९ टीएमसी पाणी' ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी, एकाच धरणाबद्दल खरी असू शकतात. पहिलं आपल्याकडे छापून येतं, दुसरं वरच्या जिल्ह्यांत.

वरच्या जिल्ह्यांवरून आठवलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. आधार होता २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि मेंढेगिरी समितीचं सूत्र: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून तूट भरून द्यायची. असा वाद पेटला की एकाच वृत्तसमूहाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघा, फार शिकायला मिळतं. इकडच्या आवृत्तीत 'हक्काचे पाणी', तिकडच्या आवृत्तीत 'पाणी पळवले'. इकडे 'मराठवाड्याच्या तोंडाला पाने पुसली', तिकडे 'शेतकरी देशोधडीला'. मालक एकच, मुख्य संपादकही बहुधा एकच. वाचक बदलला म्हणून क्रियापद बदललं.

यात मराठवाड्याची बाजू कायद्याने भक्कम आहे असं माझं मत आहे, ते मी लपवत नाही. पण 'हक्काचे पाणी' म्हणता म्हणता आमच्याही पेपरांनी एक प्रश्न कायम टाळला. ते पाणी वाटेतल्या नदीपात्रात मुरून, आटून पैठणला पोचतं किती, आणि पोचल्यावर शहराला किती, एमआयडीसीला किती, उसाला किती, ज्वारी-हरभऱ्याला किती? 'हक्क' हा शब्द एवढा मोठा आहे की त्याच्यामागे आपसातली वाटणी झाकली जाते. तिकडच्या 'पळवले'मध्ये कायदा झाकला जातो, इकडच्या 'हक्का'त वाटप.

सरकारी शब्दांचाही एक हिसाब आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ. घाईत 'सदृश' गळतो आणि मथळा होतो '१८० तालुक्यांत दुष्काळ'. तालुका यादीत आहे की नाही, यावर जमीन महसुलातली सूट, कृषिपंपांच्या चालू बिलातली ३३.५ टक्के सवलत, कर्जवसुलीची स्थगिती असं सगळं अवलंबून. एक शब्द गळाला की शेतकरी बँकेत जाऊन भांडतो आणि तोंड पाडून परत येतो. पावसाळ्यात याच्या उलट चालतं, तेव्हा 'सदृश' मुद्दाम लावतात: 'ढगफुटीसदृश पाऊस'. हवामान खात्याच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. आपल्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते ती चोवीस तासांत ६५ मिलिमीटरला, आणि पंचनाम्याच्या वेळी कामाला येतो तो हाच शब्द. 'ढगफुटीसदृश'ला कसलाच निकष नाही. त्याने एवढंच साधतं की नाल्यावर झालेलं बांधकाम पाण्याबरोबर बातमीतूनही वाहून जातं.

पैशांच्या बातम्यांबाबत थोडक्यात. २०१६ आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्यात झाली, दोन्ही वेळा हजारो कोटींचे मथळे झाले. असा आकडा दिसला की त्याच्यापुढचं क्रियापद शोधा. 'जाहीर', 'प्रशासकीय मान्यता', 'तरतूद', 'वितरित', 'खर्च' या पाच पायऱ्या आहेत आणि पहिल्या-पाचवीत कित्येक वर्षं जातात. जुन्या योजना नव्या घोषणेत मोजणं ही तर रीतच. मथळ्यात यातली कोणतीही पायरी 'मराठवाड्याला इतके कोटी' अशीच दिसते, क्रियापदाशिवाय.

एका बाबतीत मात्र ही भाषा मला अजून बोचते. शेतकरी आत्महत्येनंतर जिल्हा समिती प्रकरण मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. मदत एक लाख रुपये. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, थकीत होतं का, असे निकष. म्हणजे पात्र-अपात्र ही मदतीची वर्गवारी. सावकाराकडून किंवा नातेवाइकाकडून उसने घेतलेले पैसे कागदावर नसतात, तिथे घर अपात्र ठरू शकतं. पण बातमी येते 'अमुक आत्महत्यांपैकी अमुक अपात्र', आणि वाचणारा तेवढे आकडे मनातल्या मनात वजा करतो, जणू ती माणसं शेतीच्या अडचणीमुळे गेलीच नाहीत. डेस्कवर आम्ही 'मदतीस अपात्र' लिहायचा आग्रह धरायचो. एका शब्दाची जागा वाढते म्हणून मथळ्यात तो पुष्कळदा कापला जायचा.

घटनेला नाव देणारा जिंकतो, हे मराठवाड्याला नवं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. रणगाडे घेऊन गेलेल्या सैन्याच्या मोहिमेला सरकारने 'पोलीस कारवाई' म्हटलं, कारण हैदराबादचा प्रश्न निजामाने संयुक्त राष्ट्रांत नेला होता आणि भारताला तो घरचा मामला म्हणून मांडायचा होता. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या बाबतीतही 'नामांतर' की 'नामविस्तार' (जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडणं) यावर केवढा हिशेब होता, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको.

आता तुमच्या मनात असेल, हे सगळं कुणी बसून ठरवतं का? कधीकधी, हो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघाचे उमेदवार, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणलं. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं, आयोगाने नोटीस काढली, ती २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने ते तिथे संपलं. पण 'पेड न्यूज' (पैसे घेऊन छापलेली बातमी) हा शब्द आपल्याकडे घराघरांत गेला तो तेव्हापासून.

रोजचं कारण त्याहून साधं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, किंवा नावाला मानधन असतं. त्याचं घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या पुरवणीला ज्यांच्याकडून जाहिरात आणायची, त्याच माणसाच्या कारखान्याने उसाचं बिल थकवलं ही बातमीही त्यानेच द्यायची. तो खोटं लिहीत नाही. तो 'बिले थकली' लिहितो. बिलं थकली, हे खरंच आहे. कारखान्याने थकवली, हे लिहिलं तर पुढच्या वर्षीची पुरवणी गेली. वर डेस्कवर माणसं कमी. पोलिसांची, जिल्हा माहिती कार्यालयाची, पक्षांची प्रेसनोट तयार मराठीत आलेली असते, तिचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा पानावर जातो. जो आयतं वाक्य पुरवतो, त्याची बाजू छापून येते. अधिकारी, पक्ष, कंपनी यांच्याकडे वाक्य बनवणारी माणसं असतात. ठिय्या दिलेल्या शेतकऱ्याकडे नसतात.

एक सूट मात्र द्यायलाच हवी. दंगल झाली तर 'दोन गटांत हाणामारी' एवढंच लिहायचं, धर्म-जात छापायची नाही, हा संयम बरा आहे आणि प्रेस कौन्सिलचे संकेतही तसेच आहेत. बलात्कारपीडितेची ओळख लपवणं तर कायद्यानेच बंधनकारक. तिथे मोघमपणा माणसं वाचवतो. उलट गेल्या दोन-तीन वर्षांत बीड, जालना, परभणीकडे जातीजातींत जे तणावाचं वातावरण झालंय, त्यात मथळ्यातलं नुसतं आडनाव पुरेसं असतं. जात लिहिलेली नसते, पण चहाच्या टपरीवर ती वाचली जाते. गुन्ह्याशी जातीचा संबंध नसताना आडनाव ठळक टाइपात का, हे विचारायची हिंमत डेस्कनेच दाखवायला हवी.

मग वाचताना काय करायचं? फार काही नाही. बातमीतलं मुख्य क्रियापद धरा आणि त्याला 'कुणी?' विचारा. थकवलं कुणी, रोखलं कुणी, सोडलं कुणी. उत्तर बातमीत नसेल तर तुमचं मत अजून बनायला नको. मग बोलणाऱ्यांच्या नावांखाली रेघ मारा. तीन अधिकारी, एक नेता आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे तो एकही नाही, असं बऱ्याचदा निघेल. मथळा झाकून बातमी वाचायची सवय लावा, कारण मथळा देणारा माणूस घटनास्थळी गेलेला नसतो. ते काम मी केलंय म्हणून सांगतो. शेवटचा परिच्छेद चुकवू नका. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून दुसऱ्या बाजूचं म्हणणं तळाशी ठेवायची पद्धत पडलीय. राहिलं तर राहिलं. आणि जिथे मूळ कागद मिळतो तिथे तो बघा: शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर असतात, धरणसाठा जलसंपदा विभाग रोज देतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वडिलांशी बोलताना 'तुमचा पेपर विकलेला आहे' असं मात्र म्हणू नका. माणूस पेपरची नाही, स्वतःची बाजू घेऊन भांडायला लागतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून एका बातमीचा कर्ता शोधा. पुष्कळदा असं निघेल की दोन्ही पेपरांनी एकाच माणसाला वगळलंय, आणि मग वाद दोघांत राहत नाही.

राहिला कोणता पेपर लावायचा हा प्रश्न. परवडत असेल तर दोन्ही ठेवा, फक्त अदलाबदल करून वाचा. आणि पाण्याचा वाद असेल तेव्हा नगर किंवा नाशिकची आवृत्ती मोबाइलवर उघडून बघा. एकच ठेवायचा झाला तर ते सेलूत कुणाचा वार्ताहर काय करतो यावर अवलंबून आहे, इथून मला सांगता येणार नाही. मी असतो तर ज्याचा माणूस ग्रामसभेला आणि बाजार समितीत स्वतः जाऊन बसतो आणि शेतकऱ्याचं नाव-गाव विचारून 'म्हणाले' लिहितो, तो पेपर घेतला असता. त्याचा अग्रलेख पटो न पटो.